मोठ्यानं वाच, मग पुसू

हिवाळ्यात अवधपुरी कॉलनीतलं ऊन जेवून झालं की भालचंद्रकाकांच्या टेबलावर येऊन बसतं आणि चहापर्यंत हलत नाही. त्याच उन्हात काका मरणपंथाला लागलेल्या लॅपटॉपांवर विंडोज काढून लिनक्स ही हलकी सिस्टिम चढवतात. चौतीस वर्षं कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. मूळ नागपूरचे. "विंडोज म्हणजे कसं, खोली लहान अन् पाहुणे जास्त!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांच्या आधी मीच म्हणून टाकते, त्यांच्याच आवाजात. मी नेहा, समोरच्या घरातली. कॉलनीतल्या सगळ्यांचे आवाज मला काढता येतात. भाजीवाल्याचं "ले लो भाभी, मेथी रो रही है" तर एकदम सेम.

फक्त काकांच्या बायकोचा, शालिनीकाकूंचा आवाज मी काढत नाही. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्याकडे नुसती कुजबुज उरलीय. आधी मराठी मंडळाच्या गणपतीत निवेदन त्याच करायच्या. ते सगळं एका काळ्या पेनड्राइव्हवर आहे, दुसरीकडे कुठेच नाही. काका "उद्या कॉपी करतो" म्हणतात आणि आज ऐकत बसतात. कुठल्या तरी जुन्या गणपतीतल्या टाळ्या खोलीत धुळीच्या कणांसारख्या तरंगत राहतात.

त्या दुपारी माझ्याच लॅपटॉपची पाळी होती. त्यासाठी आधी माझा निळा पेनड्राइव्ह पुसून त्यावर लिनक्स टाकायचं होतं, मग तिथून लॅपटॉपवर. काकांच्या कंप्युटरला निळा लावला होता; शेजारच्या खाचेत काळा, त्यातून काकू बोलतायत.

पुसण्याआधी काकांचा एक नियम असतो, कारखान्यातला. बटणाला हात लावायच्या आधी एकानं नंबर बघून मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं स्वतः बघून तोच म्हणायचा. इथे नंबर म्हणजे पडद्यावरच्या यादीत कंप्युटरनं पेनड्राइव्हला दिलेलं नाव.

"वाच वं नेहा, कोणता पुसायचा?"

काकूंच्या आवाजानं मला गुंगी आली होती. मी काकांचीच खरखर काढली, "एसडीबी! सोळा जीबी! ओक्के, चलने दो!"

काका खदखदून हसले. हसत हसत टाइप केलं. बोट एंटरवर गेलं आणि तिथेच थांबलं.

"पाहून बोलली, का माझ्यासारखं बोलली?"

मी पाहिलं. एसडीबी, सोळा. एसडीसी, तोही सोळा.

"माहीत नाही, काका." हा आवाज माझा होता, बारीकसा.

"काळा काढ. यादीतून कोणतं नाव जाते ते पाहू."

मी काढला. "यानंतर रंगमंचावर येत आहेत—" म्हणता म्हणता काकू थांबल्या. यादीतून एसडीबी गेलं. म्हणजे मी काळाच पुसायला सांगितला होता.

काका चष्मा काढून पुसत बसले.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, हाताला पीठ. "कोण येतायत मग?" त्या कुजबुजल्या. "सगळ्यांचा आवाज काढतेस. माझाच का नाही?"

मी उभी राहिले. हनुवटी जरा वर, त्यांची असायची तशी. "यानंतर रंगमंचावर येत आहेत आपल्या अवधपुरीची बालगोपाळ मंडळी. टाळ्यांनी स्वागत करू या!"

काकूंनी टाळ्या वाजवल्या. पीठ उन्हात उडालं.

"वन्स मोअर," काका म्हणाले. "पण पहिले हे कॉपी करू. दोन ठिकाणी."

कॉपी झाली. काळा पेनड्राइव्ह काकूंच्या मुठीत गेला. मग मी पडद्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, "एसडीसी. सोळा. एकटाच आहे."

"एसडीसी, सोळा, एकटाच," काका म्हणाले, आणि एंटर दाबलं.