यमुनेची गेरूची भिंत

तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या यमुनेचा एक्स-रे, म्हणजे छातीच्या आतला फोटो, खिडकीच्या उजेडात धरला. म्हणाले, "टीबी आहे. दोन्हीकडे पसरलाय." टीबी म्हणजे क्षय. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. मोकळी हवा, दूध, आराम, बस्स. पोर लग्नाला आलेली.

दवाखान्यात खाट मिळेना, म्हणून औंढ्याला घरी आणली. मागच्या खोलीत निजवली. ताटवाटी वेगळी, थुंकीच्या डब्याला झाकण. तुमच्याकडं कुणी असं दुखण्याला पडलं तर एवढं पाळाच, बाई. गावात मात्र आम्ही छातीचा ताप म्हणून सांगितलं. क्षय म्हटलं की माणसं दार टाळायची.

एके सकाळी म्हणाली, "आये, म्होरची भित गेरूनं सारव. सगळी. वर काय बी काढू नगंस."

तिला खोकल्यातून रक्त पडायचं. मी म्हटलं, "लाल कशापायी गं डोळ्यांम्होरं?"

"रगत न्हाई गं. उनात तापल्याली माती हाय ती."

सारवली. मध्ये गेरू दाट बसला, कडेला हात पोचेना तिथं फिका. ना मोर, ना तुळस. नुसता रंग. पण दुपारचं ऊन आत आलं की भिंत पुढं सरकल्यासारखी वाटायची आणि माझ्या हातातलं काम तसंच राहायचं. कशानं, ते मला अजून सांगता येत नाही.

आमच्याकडं अशी भिंत सारवली की लग्न ठरलं समजतात. शेजारच्या कोंडामावशी चित्रं काढायला तांदळाच्या पिठाची वाटी घेऊनच आल्या. "यमे, लय चोरटी गं तू! कुटलं पाव्हणं?"

मला तर तिथं उभं राहवेना. यमुना हसली. "लय लांबचं हाईत, मावशी. बसा. काडू नगा काय, निस्तं बगा."

मावशी वाटी मांडीवर घेऊन बसल्या. पोरीकडं बघितलं, भिंतीकडं बघितलं. बघता बघता त्यांना हुंदका फुटला. मग मला. तोवर मी तिच्यासमोर रडले नव्हते.

"आत्ता कसं," यमुना म्हणाली. "किती दिस तोंड दाबून फिरतीस, आये."

दिवाळीच्या आधी गेली.

डॉक्टरांनी बजावलं होतं, खोलीला चुना द्या. घरात धाकटी लेकरं होती. तुमच्यावर वेळ आली तर तुम्हीही द्या, माया आड येऊ देऊ नका. फक्त कुंचा बुडवायच्या आधी घटकाभर तिथं बसा. मी बसले. पोटभर रडले. मग पदर खोचला आणि गेरूची भिंत जिथं तिच्या नजरेसमोर यायची, तिथूनच चुना द्यायला सुरुवात केली.