निळ्या गालांची हिरॉईन

"मामा, ही हिरॉईन हाय का जिल्ह्याचा नकाशा?" भिंतीपासून वीतभर अंतरावर उभं राहून अमोलनं मला विचारलं.

रेणापूरचा हा तिशीतला गडी लातुरात कॅफे उघडत होता. भिंतीवर त्याला पॉप आर्ट पाहिजे होतं. म्हणजे प्रसिद्ध चेहरे घ्यायचे आणि रंगांनी त्यांची खोडी काढायची. मोबाइलवर त्यानं नमुना दाखवला. निळे गाल, पिवळे केस. मला हसूच आलं. नांदेडात थेटरांचे बोर्ड आम्ही जन्मभर असेच रंगवले. हिरो गुलाबी, खलनायक हिरवा. माझा एक खलनायक बघून शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीनं आठ दिवस पान्हा चोरला होता. तिचा मालक भांडायला आला, तोही बोर्ड बघून आल्या पावली परत गेला.

मग फ्लेक्स आलं. माझे ब्रश पंधरा वर्षं डब्यात वाळले. ही भिंत मिळाली तेव्हा आधी ते रात्रभर टर्पेंटाइनमध्ये भिजत घातले.

फोटोवर चौकटी आखल्या, तशाच मोठ्या चौकटी भिंतीवर. याला आम्ही ग्राफ म्हणतो. चौकटीमागून चौकट भरत तीन दिवसांत चार चेहरे उभे केले. चूक एकच झाली. बोर्ड रस्त्यापलीकडून बघायचा असतो, जवळून त्याचे नुसते फटकारे दिसतात. आणि इथं टेबलं भिंतीला चिकटून.

"उद्या ओपनिंग हाय," अमोल म्हणाला. "पांढरा मारून टाकू."

"मार. पण आधी रस्ता ओलांड."

कॅफेला समोरून अख्खी काच. आम्ही पलीकडे रसूलचाचांच्या चहाच्या गाड्यापाशी गेलो आणि वळून बघितलं. हिरॉईन मान वेळावून हसत होती.

चाचांची गाळणी हातातच राहिली. "हौ जी, ये तो अपने टायम की हाय."

अमोल रस्ता ओलांडून भिंतीपाशी गेला, परत आला, पुन्हा बघितलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"राहू द्या, मामा," तो शेवटी म्हणाला.

भिंत वाचली. कॅफेही बरा चालतो. पण चेहरे बघायला येणारी मंडळी पलीकडेच उभी राहतात, आणि उभं राहिलं की चहा घेतात. चाचांनी दुसरी शेगडी घेतली. अमोल अजून मला मामाच म्हणतो, जरा दात आवळून.

तेव्हापासून रंग कालवायच्या आधी मी एवढंच विचारतो, बघणारा बसणार कुठं?