चादर बांधलेल्या टांग्यातून नांदेड

नांदेड स्टेशनावर मी एकटीच उतरले. धाकट्या बहिणीचे, सुमीचे, दिवस भरले होते. ती नायगावला, निजामाच्या मुलखात, आणि जवळ बाईमाणूस कुणी नाही. "एकटी जाऊ नकोस, तिकडे माणसं कापताहेत," असं सारं पुणं मला सांगत होतं. मी पडले हट्टी, निघाले. पण फलाटावर लाठ्या घेतलेले गणवेशवाले रझाकार पाहिले आणि तो हट्ट कुठल्या कुठे पळाला.

नायगावची मोटार दुपारी होती. तोवर बायकांच्या वेटिंगरूममध्ये कोपरा धरायचा आणि जीव मुठीत धरून बसायचं, नांदेडकडून याहून जास्त काही अपेक्षा नव्हती. पण तिच्या दारातच ती माणसं ठाण मांडून बसलेली. मग काय, बाहेर आले आणि मोटारस्टँडवर जायला दिसला त्या टांग्यात चढले.

टांगेवाला पिकल्या दाढीचा. त्यानं सीटखालून चादर काढली आणि टांग्याला चारी बाजूंनी बांधायला घेतली. आत अंधार झाला. अगं आई गं! हा मेला पळवून नेतोय की काय? मी आतून चादरीवर हात आपटले. "सोड ती! ओरडेन मी!"

"हळू बाई, हळू," तो बाहेरून म्हणाला. "पर्दा हाय. बाईमाणसाची सवारी इथं अशीच जाते. उघडी नेली तर लोक मलाच नावं ठेवतील."

पुण्यात आम्ही टांग्यात ऐसपैस बसून गावभर बघत जाणाऱ्या! माझा काडीचा विश्वास बसला नाही. उडी मारणार तोच टांगा थांबला.

"कौन है अंदर?" कुणीतरी दरडावून विचारलं.

"घरवाली की बहन है, साहब."

फटीतून मला बंदुकीची नळी दिसली. मी कपाळावर पदर ओढला, कुंकू झाकलं आणि देवाचं नाव घेतलं, तेही मनातल्या मनात. चादरीला मात्र कुणी हात लावला नाही. बाईचा पडदा उचलायचा नाही, एवढी रीत त्या दिवसांतही शिल्लक होती. टांगा पुढे हलला.

"स्टँडवर आज बसण्यासारखं न्हाई," म्हणत त्यानं मला आपल्या घरी नेलं. त्याची बायको जैनबबी मला माडीवर घेऊन गेली. तिथून गोदावरी दिसली, रुंद, उन्हात चमकणारी. घाटावर बायका धुणं आपटत होत्या, भांडत होत्या, हसत होत्या. मी बघतच राहिले.

"आमच्या हातचं तुम्ही खाणार न्हाई," असं म्हणून जैनबबीनं मधल्या भिंतीतल्या खिडकीतून हाक मारली, "काकू, पुण्याच्या पाव्हण्या आल्यात!" पलीकडच्या हिंदू शेजारणीकडून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी आली. सासवांच्या वेळेपासून दोन्ही घरांत ही पद्धत होती म्हणे. इतकी घाबरलेली मी, पण तीन भाकऱ्या खाल्ल्या. दोघी मला हसल्या.

मग जैनबबी जवळ सरकली. "बाई, पुण्यात आमच्या लोकांना घरात घुसून मारून राहिले म्हणं. खरं हाय का? माझा भाऊ हाय तिथं, कँपात, बेकरीत."

"छे हो," म्हणायला गेले आणि अडखळले. मी कधी चौकशीच केली नव्हती. "जाऊन बघते," एवढंच म्हणाले.

टांगेवाल्यानं मला मोटारीत बसवून दिलं. दिवस मावळायच्या आत नायगावला पोचले. सुमीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाळंतपण उरकून परतले.

पुण्यात आल्यावर कँपात जाऊन जैनबबीच्या भावाची बेकरी शोधली. मागच्या खोलीचं दार वाजवलं. आतलं बोलणं एकदम थांबलं आणि कडी सरकल्याचा आवाज आला. मी नऊवारीतली बाई, हातात भाजीची पिशवी. आणि मला माणसं भीत होती! उभ्या जन्मात मला कुणी भ्यायलं नव्हतं. परमुलखात मी जे भोगलं, ते माझ्या गावात लोक रोज भोगत होते, आणि मला पत्ताच नव्हता.

दाराला तोंड लावून म्हणाले, "अहो, नांदेडहून आलेय. जैनबबी खुशाल आहे. तुमची काळजी करतेय."

मग आतून हळूच आवाज आला, "बाई, तुम्ही एकट्याच आहात ना?"