रबरताई आणि सहा भोकं

आगीच्या अलार्मचे पॅनेल बसवणाऱ्या त्या बाईंना सगळे रबरताई म्हणत. पॅनेलच्या पेटीच्या दाराभोवती जे रबर असतं, त्यावर त्यांचा भारी जीव. नवरा म्हणे, "एकवीस वर्षं झाली लग्नाला, पण इतक्या मायेने माझ्याकडे कधी पाहिलं नाही हिने."

एका मोठ्या लाँड्रीत त्यांना काम मिळालं. तिथे दिवसभर चादरी उकळत आणि भिंतींना घाम फुटे. जुनं पॅनेल वाफेने गंजून केव्हाच निकामी झालं होतं. त्यावरचा हिरवा दिवा मात्र झकास जळत होता, कारण मॅनेजरसाहेबांनी त्याला वेगळी वायर जोडून दिली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

रबरताईंनी नवं पॅनेल जाड पेटीत बसवलं. केबल खालून घेतल्या, त्या शिरतात तिथली ग्लँड नावाची बुचं करकचून आवळली आणि दार लावून कडेने बोट फिरवलं. मुंगीलाही आत जायला वाट उरली नाही.

साहेब आले. "बाई, फार कोंदट वाटतंय हो. यंत्राला श्वास नको?"

"त्याने श्वास घेतला की वाफ आत जाईल, साहेब."

"मी इंजिनिअर माणूस आहे."

"मग तर तुम्हाला सांगायलाच नको."

दोन दिवसांनी साहेबांनी सुताराकडून पेटीच्या माथ्यावर सहा भोकं पाडून घेतली. अगदी एका ओळीत. सुताराचा हात चांगला होता. कागदावर सही करायला आलेल्या रबरताईंना ती दिसली. 'पेटी हवाबंद आहे' या ओळीसमोर सही करायला त्यांनी साफ नकार दिला. साहेबांनी रबरताईंच्या ऑफिसात तक्रार केली. ऑफिसनेही तत्परता दाखवली: बाईंना दुसरीकडे पाठवलं आणि सहीला असा माणूस धाडला, ज्याने पेटीकडे मान वर करून बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

"करून टाकायची सही," जेवताना नवरा म्हणाला.

"चाळीस बाया काम करतात रे त्या खोलीत."

त्याने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून तिच्या ताटात ठेवली.

महिन्याभराने मालक पाहणीला आले. साहेब सुरक्षेवर रंगात येऊन बोलत होते आणि भोंगा ठणाणा वाजू लागला. भोकांतून शिरलेल्या वाफेचं पेटीत पाणी झालं होतं. चाळीस बाया आणि मालक अंगणात धावले. साहेबांचं डोकं मात्र जागेवर होतं. "सराव आहे, सर! मुद्दामच ठेवला होता मी." मालकांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी रबरताईंना साहेबांचा फोन आला. "ताई, घरचंच काम समजा."

"येते. पेटी नवी हवी. आणि शिडी तुम्ही स्वतः धरायची."

साहेबांनी दोन तास शिडी धरली. इस्त्रीवाल्या बाया नेमक्या त्याच वाटेने चादरी घेऊन चार-चार फेऱ्या मारत होत्या.

"ताई, आता खरी आग लागली तरच वाजेल ना?" एकीने विचारलं.

"तरच," त्या म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

सुरक्षेचं बक्षीस अर्थातच साहेबांना मिळालं. रबरताईंना समारंभाचं आमंत्रण नव्हतं. त्या दिवशी त्या एका रंगाच्या कारखान्यात होत्या, आणि तिथल्या साहेबांना पेटी गुलाबी हवी होती.