किलर व्हेलचा मास्तर

अख्ख्या चारकोपमध्ये माणसांपेक्षा किलर व्हेलशी ज्याचं जास्त जमलं असा एकच माणूस आहे, आणि तो माझा आतेभाऊ आहे. मूळचा मालवणचा, पोहण्यात पटाईत. परदेशातल्या एका सागरी उद्यानात टाक्या घासायला म्हणून गेला आणि चक्क ट्रेनर झाला. पंधरा वर्षं त्याने एका अगडबंब मादीला उड्या मारायला शिकवलं, आणि एक दिवस नोकरी सोडून घरी हजर! का सोडलीस म्हणून विचारलं तर म्हणायचा, "तिकडे भात बरा मिळत नाही." त्या मादीचं तिकडचं नाव काहीतरी झगमगीत होतं, पण हा तिला 'बाय' म्हणायचा आणि तिच्याशी मालवणीतून बोलायचा. "ये गो बाय, जेवक ये," म्हटलं की ती आ वासायची आणि हा तिची जीभ चोळून द्यायचा. जीभ चोळलेली त्यांना फार आवडते म्हणे. मला तर नुसतं ऐकूनच घाम फुटतो.

त्या धंद्याचा नियम असा, की जनावर चुकलं तर ओरडायचं नाही, तीन सेकंद निर्विकार चेहऱ्याने उभं राहायचं. बरोबर केलं की शिट्टी वाजवायची आणि लगेच खाऊ द्यायचा. परत आल्यावर हा नियम त्याने सगळ्या दुनियेला लावला. एकदा रिक्षावाला नाही म्हणाला, तर हा रिक्षासमोर पुतळा होऊन उभा. तो बिचारा इतका टरकला की म्हणाला, "बैठो चाचा, बैठो!" उतरताना त्याला शिट्टी आणि शेंगदाण्याची चिक्की मिळाली. घरी आमटी खारट झाली की पुतळा. वहिनी मला म्हणते, "बघ गं, लागलं ध्यान. एक दिवस मीच पुतळा होते, मग बसू दे याला भांडी घासत." पण त्याच वहिनीचं बांगड्याचं तिखलं जमून आलं की ताटावरून अशी शिट्टी वाजते की वॉचमन धावत वर येतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीने भाषण आटोपतं घेतलं तेव्हा त्यालाही चिक्की दिली. सगळे हसले खरे, पण सेक्रेटरी तेव्हापासून थोडक्यात बोलतो, हे मान्य करायलाच हवं.

हल्ली तो आठवणींचं पुस्तक लिहितोय. म्हणजे तो सांगतो आणि मी टाइप करते, कारण माझी सगळी नोकरी मराठी टायपिंगमध्येच गेली. दहा प्रकरणं झाली, हसून हसून पोट दुखेल अशी. शेवटाला आल्यावर मी म्हटलं, "अरे, नोकरी का सोडलीस ते राहिलंच की!"

"भाताचं घाल ना."

"भातासाठी कोणी पंधरा वर्षांची नोकरी सोडतं का रे? खरं सांग, नाहीतर मी नाही पुढे टाइप करणार."

तो पुतळा झाला. मग मीही झाले. मी हटत नाही म्हटल्यावर तो खुर्चीत बसला.

"बायला लेक झाली होती," तो म्हणाला. "चार वर्षांची झाल्यावर तिला दुसऱ्या उद्यानात पाठवायचं ठरलं. आई जवळ असताना पोरीला झोळीत घालून उचलणार कसं? मला सांगितलं, बायला पलीकडच्या टाकीत बोलाव. पाण्यावर दोन थापा मारल्या की ती यायची. मी मारल्या. ती आली, आणि मागून फाटक लावलं." मग एकदम म्हणाला, "हे छापलं तर काय म्हणतील गं लोक? बिल्डिंगमधली पोरं मला हिरो समजतात यार."

मी नुसतं विचारलं, "मग पुढे?"

"पुढे काय, कितीतरी दिवस फाटकापाशी ओरडत होती. तसलं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. ती गप्प झाल्यावर मला पुन्हा कामावर पाठवलं. म्हटलं, आता ही कशाला येतेय? येऊच नये असं वाटत होतं. मी थापा मारायला हात खाली नेला..." त्याने टेबलावर एक हलकी थाप मारली. "आली गं. पहिल्याच थापेला आली."

मला रडू आवरेना. की-बोर्डवरचे हात थांबले. त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"थांबलीस का? घे लिहून. आणि हे शेवटी नको, पहिल्या पानावर घाल."

मी ते पहिल्या पानावर घातलं.