इंजिनाचा मान

बुधवारी राजूरला गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो... मी, डॉक्टरकाका, काकू आणि काकांची जुनी बीटल गाडी. चतुर्थीची गर्दी नको म्हणून मुद्दाम बुधवार गाठला. दर्शन निवांत झालं, पण माझा सगळा जीव बाहेर उभ्या गाडीत होता.

डॉक्टरकाका म्हणजे आमच्या हसनाबादचे गुरांचे डॉक्टर, माझ्या माहेरचे शेजारी. सगळी नोकरी त्यांनी या गाडीवर काढली. पार धावडा गावापर्यंत कुठल्याही वस्तीवर ही पोपटी गाडी दिसली की लोक समजायचे, कुणाची तरी म्हैस अडलीय. आता काकांचे गुडघे क्लच दाबू देत नाहीत, म्हणून गाडी विकायला काढली.

गिऱ्हाईकं दोन. एक संभाजीनगरचे हॉटेलवाले. त्यांना ती हॉटेलच्या दारात शोभेला उभी करायची होती... इंजिन काढून आत फुलांच्या कुंड्या! दुसरी मी. मी जालन्याला आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकवते आणि मला ती पळवायची होती.

काकांचा कल हॉटेलकडे. "म्हातारी झाली गं ती. राहू दे सुखानं सावलीत." मी पिच्छाच सोडेना, तेव्हा म्हणाले, "राजूरला नेऊन आण. धापा न टाकता घरी आली तर तुझी. न्हाईतर मी त्यान्ला फोन करतो." मी बिनधास्त हो म्हटलं.

बिनधास्त, कारण गाडी मी आधीच खालून-वरून तपासली होती. जुनी बीटल घेताना पॉलिशला भुलायचं नाही. पत्र्यावरून लोहचुंबक फिरवायचं... जिथे धरत नाही तिथे पुट्टी भरलेली. मागचं सीट उचलायचं, बॅटरी तिथेच असते आणि गंजही तिथेच लागतो.

या परीक्षेत गाडी पास झाली. मग ऑइल बदललं, इंजिन गार असताना टॅपेट सेट केले, म्हणजे व्हॉल्व्हची फट बसवली, पंख्याचा बेल्ट नवा टाकला. या गाडीला रेडिएटर नाही, पाणी नाही... मागे इंजिन आणि त्याला वारा घालणारा पंखा. बेल्ट धड तर गाडी धड.

जाताना गाडी मस्त गेली. दर्शनानंतर काकूंनी पूजा केली... कुंकवाचं स्वस्तिक, समोर हार, चाकाखाली लिंबू. मी प्रसाद घेऊन आले, स्टिअरिंगवर बसले, लिंबू चिरडून निघालो.

निम्म्या वाटेत चढ लागला आणि गाडीचा जोर कमी व्हायला लागला. मग करपल्यासारखा वास... बेल्ट तुटला असता तर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागला असता. तो काही लागला नव्हता. मी लगेच कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

काका एवढंच म्हणाले, "थकली." आणि खिशातून फोन काढून हॉटेलवाल्यांचा नंबर शोधायला लागले. म्हटलं, "काका, थोडं थांबा. हिला काहीही झालेलं नाही, मी दाखवते."

तेवढ्यात एक मोटरसायकलवाले भाऊ पाण्याची बाटली घेऊन धावत आले. "ताई, जल्दी पानी टाका, इंजिन उकळून राह्यलं!" मी सांगितलं, या गाडीत पाणी टाकत नाहीत, ही हवेनं थंड होते. "हवेनं? मंग हवा घेती कुठून?"

शिकवायची खोड... ऐटीत त्यांना मागे घेऊन गेले. "ही बघा, काचेखाली जाळी आहे. इथून..." म्हणत बोट दाखवलं. जाळी दिसतच नव्हती! तिच्यावर लाल खण अंथरलेला, कडा पक्क्या खोचलेल्या, वर झेंडूचा जाडजूड हार. पंख्यानं खण असा आत ओढून जाळीत रुतवला होता की अक्षरशः ओरबाडून काढावा लागला.

मी काकूंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. "माझंच काम हाय गं ते. तू प्रसादाला गेल्तीस तवा मी यान्ला इचारलं, इंजिन कुठंय? हे म्हणले, मागं. मंग मान इंजिनाचा न्हाई का? समोरच्या डिक्कीला नुसता हार घालून काय करायचं? उडू नये म्हणून बराबर खोचलं."

आणि मग हळूच... "मनीषालाच गाडी मिळू दे म्हणलं देवाला."

आता सांगा, रागावणार कुणावर? मला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. काका तर पोट धरून हसायला लागले... फोन तसाच हातात.

इंजिन गार होऊ दिलं. भाऊंनी आणलेलं पाणी आम्हीच प्यायलो. देवाची फुलं म्हणून काकूंनी पाकळी न् पाकळी पदरात गोळा केली, रस्त्यावर एकही पडू दिली नाही. मी आत अडकलेले देठ काढले, ऑइल पाहिलं, बेल्ट पाहिला.

एका सेल्फात गाडी सुरू. तोच चढ, हूं की चूं न करता!

हसनाबादला दारात गाडी लावली. काका उतरून मागे गेले आणि चालू इंजिनाचा आवाज मान तिरकी करून बराच वेळ ऐकत उभे राहिले. जनावर तपासताना उभे राहायचे, अगदी तसेच. मग त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

"न्हाई साहेब, गाडीचं आता जमायचं न्हाई. दिली मी... बाहेर कुठं न्हाई, घरातच दिली."

'घरातच' हा शब्द ऐकला आणि मला रडूच फुटलं. मी ते लपवलंही नाही.

काका, काकू... मनापासून आभार. तुमच्या गाडीत कुंड्या येणार नाहीत, माणसंच बसतील. रविवारी तुम्हाला घ्यायला येते, तयार राहा.