उचललेली जीप

माझ्या नवऱ्याला लकवा झाला तेव्हा दवाखान्यातून घरी आणताना चौघांनी त्याला खुर्चीसकट उचलून आत आणलं होतं. गल्ली सगळी दारात उभी. पलंगावर टेकल्याबरोबर तो म्हणाला, "याच्यापुढे मले कोनी उचलाचं नाई." जीभ तेव्हा जड होती, पण हे वाक्य स्पष्ट आलं. त्याला तोंडावर मी 'तुमी'च म्हणते. इथे एकेरी लिहिते आहे, एवढी सूट मी घेतली आहे.

पुढे तो काठीने घरात फिरायला लागला. उजवा पाय ओढत, पण आपला आपण. आम्ही अमरावतीत राहतो आणि त्याची संत्र्याची बाग वरूडच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत, पांदणीच्या चिखलवाटेने. मध्ये नाला. बाग धाकटा दीर पाहतो. त्या पावसाळ्यात दिराने फोन केला की झाडांना डिंक्या लागलाय, बुंध्यातून डिंक गळतोय, पूर्ण बाग तोडावी म्हणतो. नवरा म्हणाला, पाहिल्याशिवाय सांगणार नाही. दिराने व्हिडिओ पाठवले. यानं फोन उलटा करून ठेवला. म्हणे झाड काही फोनवर समजत नाही.

आता जायचं कसं? आमची छोटी गाडी पांदणीच्या तोंडाशीच फसते. दीर म्हणाला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकतो, दोघं जण उचलून वर घेतो. झालं. नवरा दोन दिवस कुणाशी बोलला नाही. त्याच्या हातची झाडं, आणि ती तुटतील की राहतील हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं. माझा जीव तुटत होता, आणि राग येत होता तो वेगळाच.

मी शाळेतून निवृत्त झालेली बाई. रागात मी काहीतरी करून बसते. मी अकोल्याला माझ्या लहान भावाला फोन केला. त्याला चिखलात गाड्या घालायचं वेड. दर रविवारी चार टाळकी जमवून कुठल्या तरी टेकडीवर गाडी अडकवून येतात. त्याला म्हटलं, मला एक जुनी जीप पाहून दे, चारही चाकं ओढणारी. काहून, कशासाठी, हे मी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं, ताई आपल्या पंथाला लागली.

जीप अकोल्यात एका बियाण्याच्या दुकानदाराकडे निघाली. पत्रा गंजलेला, सीटमधून काथ्या बाहेर. पण भावाने मला सांगून ठेवलं होतं की रंगाकडे पाहू नको, आधी फोर लागतो का पाहा. फोर म्हणजे चारही चाकांना जोर देणारा तो दुसरा दांडा. दुकानदाराने तो कधी लावलाच नव्हता, दांडा गंजून घट्ट बसलेला. भावाने गाडी नांगरलेल्या वावरात नेली, दोन्ही हातांनी दांडा खेचला आणि गाडी ढेकळं फोडत सरळ निघाली. मी तिथल्या तिथे हो म्हटलं.

मग गाडी महिनाभर गॅरेजात. खालचा पत्रा नवा, ब्रेक नवे, ते सगळं ठीक. पण एक दिवस भाऊ म्हणाला, "ताई, गाडी उचलून घेऊ." त्यांच्यात असंच म्हणतात. खाली उंच स्प्रिंगा टाकायच्या, मोठे दातेरी टायर लावायचे, की गाडी उचलली. उचलली नाही तर लोकं हासतीन, म्हणे. मी म्हटलं, उचल बाबा. खोल पाण्यात इंजिनाला हवा ओढायला एक नळीसुद्धा लावली, पार टपापर्यंत. आमच्या नाल्याला घोट्याएवढं पाणी, आणि गाडीचं नाक आभाळात. खरं सांगू, मला ती गाडी फार आवडली. दर्यापूरमार्गे अमरावतीला आणताना काळ्यापिवळ्या जीपवाल्यांनी मान वळवून पाहिलं, तेव्हा मी खुशीत हॉर्न वाजवला.

दारात आणून उभी केली. नवरा काठी टेकत बाहेर आला. गाडीभोवती एक चक्कर मारली. दार उघडलं. गाडीचा तळ त्याच्या कंबरेशी आला होता. तो त्या तळाकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे.

"गाडी तं उचलली तुनं. आता मले कोन उचलते?"

आणि आत गेला. मी तिथेच उभी राहिले. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, त्यालाच चढता येत नाही, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? भावाला फोन करून मी त्याची अक्कल काढली. तो म्हणाला, जिजाजींसाठी हाये हे तू बोलली कुठं? ते खरंच होतं, म्हणून मी आणखी ओरडले. पायरी लावून पाहिली, तर उजवा पाय जोर घेईना.

मार्ग त्यानंच काढला. सकाळी चहा पिताना म्हणाला, गाडी उलटी घालून डावी बाजू ओट्याला लाव. आमच्या घराचा ओटा उंच आहे. मी गाडी मागे घेत घेत भिडवली, तो काठीनं उंची मापत होता. ओट्यावरून सीट अगदी समोर आली. तो बसला, सरकला, पाय हातानं उचलून आत घेतला आणि दार ओढून घेतलं. मी हात पुढे केला नाही. उतरायचंही त्यानं ठरवलं होतं: बागेत विहिरीजवळ मुरमाचा मोठा ढीग आहे, त्याला गाडी लावायची. दिराला फोन करून सांगितलं की पोळा झाला की येतो.

वरूड मागे पडलं. पांदण लागली तशी मी फोर लावला. काळी माती टायरच्या दात्यांत भरली आणि ते महागाचे टायर गुळगुळीत झाले. मागचा भाग एकदा धुऱ्याकडे, बांधावर घसरला. बाजूचा माणूस शांतपणे सांगत होता, थांबू नको, डाव्या चाकोरीत घाल, जास्त रेस देऊ नको. दुखण्यापासून त्यानं मला असं एकही काम सांगितलं नव्हतं. नाला उतरलो, चढलो, आणि बाग दिसली.

ढीग नव्हता.

दीर धावत आला. मोठ्या आनंदात होता. म्हणाला, वहिनी, तुमी येऊन राहिले म्हणून सगळा मुरूम चढावर टाकला, नाही तर गाडी वर आलीच नसती. त्याला काय बोलणार. मोठा भाऊ येणार म्हणून बिचाऱ्यानं रात्रंदिवस मुरमाच्या टोपल्या वाहिल्या होत्या. तो दाराशी येऊन हात पुढे करणार, तोच नवऱ्यानं मान हलवली आणि तो मागे सरला.

नवरा वरून बाग पाहत बसला. शेंडे दिसत होते, कुठे पिवळे, कुठे हिरवे. डिंक असतो खाली, बुंध्याशी. इतक्या उंचावरून तो दिसणार नव्हता, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. मला त्या उंच स्प्रिंगांचा, त्या मुरमाचा, स्वतःचा, सगळ्यांचा राग आला.

मग तो माझ्याकडे वळला आणि हळूच म्हणाला, "उचल मले."

मी उतरून त्याच्या बाजूला गेले. काखांत हात घातले. तो जड होता, माझ्या कंबरेत कळ आली, पण पाय जमिनीला लागले. पहिल्या झाडाशी त्यानं नखानं साल खरडली, वास घेतला, पुढच्या झाडाकडे निघाला. मी मागून कंबर धरून. दुपार त्यातच गेली. शेवटी दिराला सांगितलं, नाल्याकडच्या ओळी गेल्या, तेवढ्या तोडा. बाकीच्या झाडांची साल खरडून मलम लावा. तोडलेल्या जागी नवी कलमं लावू, खड्डे मी दाखवतो.

परत त्याला चढवताना मला दोनदा दम घ्यावा लागला. गाडीत बसल्यावर मी म्हटलं, अकोल्याला नेऊन स्प्रिंगा काढून टाकते, गाडी खाली करून घेते.

"राहू दे," तो म्हणाला. "तू हायेस ना."

मी फोर लावला. तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि पुढे नाला होता.